वर्गात आलेली मासळीची पाटी

मासळी विकणाऱ्या मथुराच्या मुलाचं, राजेशचं लग्न ठरलं, त्या वर्षी जोगेश्वरीच्या महादू बुरुडाने मला विणलं. मी एक जुनी पाटी आहे. पण मित्रांनो, तुम्ही लिहिता ती पाटी नव्हे. मी बांबूच्या कांब्यांची, मासळीची पाटी.

दहा वर्षं मी मथुराच्या डोक्यावर बसून वेसाव्याहून अंधेरीच्या बाजारात गेले. मथुराला अक्षरओळख नव्हती. पण बोंबलांच्या ढिगावर नुसती नजर टाकून ती सारखे वाटे घालायची. वाटे घालून चार-पाच उरले, तर ते गिऱ्हाइकांच्या पिशवीत वर घालायची.

राजेशची मुलगी कल्पिता तिसरीत होती. गणिताचा तास आला की तिचं पोट दुखायचं. एकदा वसुधाबाई वर्गात म्हणाल्या, "उद्या सगळ्यांनी पाटी आणा." कल्पिताच्या घरात पाटी म्हणजे मीच. तिने मला घासून धुतलं आणि शाळेत आणलं.

सगळा वर्ग हसत सुटला.

"बाई, ही इथंच बाजार भरवणार!" देवेश ओरडला.

"ए कल्पे, पापलेट कुठंय?" श्रुतिकाने नाक दाबून विचारलं.

कल्पिता रडायला लागली. बाईंनी मला उचलून टेबलावर ठेवलं. "पाटी आणा म्हणाले. कोणती, ते मी सांगितलं नाही. चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्यात सत्तेचाळीस चिंचोके ओतले. "कल्पिता, सहा वाटे घाल."

कल्पिताने डोळे पुसले. भराभर सात-सातचे सहा वाटे घातले.

"बाकी किती?"

"बाकी नाय बाई. पाच उरले, ते वर घालायचे. गिऱ्हाईक परत येतं ना!"

बाई मोठ्याने हसल्या. त्यांनी फळ्यावर 'बाकी ५' लिहिलं आणि खाली लिहिलं, 'या पाचांचं काय करावं?' त्या दिवशी वर्गात केवढी भांडणं झाली! कुणी म्हणालं पाच वाट्यांत एकेक टाका, कुणी म्हणालं सातवा वाटा करा. कल्पिताचं पोट त्या दिवशी दुखलं नाही.

पुढे बाईंनी मला वर्गातच ठेवून घेतलं, मथुरा बाजारात घमेलं नेऊ लागली आणि दर सोमवारी बाई तिलाच वर्गात बोलवू लागल्या. ती मुलांना कोडी घालायची. "एक मासा मोठा, बाकी बारके. आता सारखे वाटे घाला बघू!" मुलं डोकं खाजवायची, चुकायची, पुन्हा मांडायची. जाताना बाई मथुराला एक अक्षर शिकवायच्या. अडुसष्टाव्या वर्षी मथुराने स्वतःचं नाव लिहिलं. मित्रांनो, मला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता.

मग बाईंची बदली झाली. नव्या सरांनी मला कपाटामागे टाकलं. सहामाहीत भागाकाराचं उदाहरण आलं. कल्पिताने लिहिलं, 'बाकी ०. उरलेले वर घातले.' सरांनी त्यावर लाल फुली मारली आणि तो कागद वर्गाला वाचून दाखवला. कसं केलंस, हे तिला कुणी विचारलं नाही.

"मना शालेन नाय जावाचा," कल्पिताने घरी सांगितलं.

मथुरा तो कागद घेऊन शाळेत आली. "सर, पोरीनं वाटे बरोबर घातलेत. जरा बघा तरी."

"आजी, तुम्ही स्वतः किती शिकलात?" सरांनी विचारलं.

मथुराने कागदाची घडी घातली. तिने कपाटामागून मला काढलं. त्या दिवशी तिने मला डोक्यावर घेतलं नाही, काखेत धरून घरी नेलं. रात्री जेवताना ती कल्पिताला म्हणाली, "सर सांगतान तसाच लिव गो. माजा इसर."

कल्पिता तसंच लिहू लागली. तिला पैकीच्या पैकी गुण मिळतात. ती आता वर्गात काही विचारत नाही. मथुराने मला खुंटीला अडकवलं आणि बाजारात अ‍ॅल्युमिनियमचं घमेलं नेऊ लागली. आपण पोरीचं नुकसान केलं, असं ती शेजारणींना सांगायची. ते खरं नव्हतं. पण मला ते तिला सांगता येत नव्हतं.

मित्रांनो, तुमच्यातला कुणी उद्या शिक्षक होईल. फुली मारण्याआधी मुलाला एकदा विचारा, "कसं केलंस?" एवढंच माझं मागणं आहे.

मथुरा २०२४ साली, नारळी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी सकाळी वारली. पोरीचं नुकसान आपण केलं, असंच तिला शेवटपर्यंत वाटत होतं.