मासे दाखवणारं यंत्र

हर्णे बंदरावर दाजींची होडी लहान होती, पण तिच्यावरचे खलाशी चांगले होते. त्यांतला शिवा तर पाण्याचा रंग बघून जाळं टाकणारा. तरी गेले दोन हंगाम टोपल्या अर्ध्याच भरत होत्या. मासा किनारा सोडून लांब सरकला होता आणि मोठ्या लाँचींवर खोलातला मासा दाखवणारी यंत्रं आली होती. २००६ च्या जूनमध्ये होडी किनाऱ्यावर ओढली, तेव्हा शिवाने काही आडपडदा ठेवला नाही.

"दाजी, तुमच्या होडीवर मी लहानाचा मोठा झालो. पण घरात खाणारी तोंडं वाढली. नारळी पुनवेच्या आत यंत्र बसवा. नायतर मी हरबाच्या लाँचीवर जाणार. बाकीचे दोघं पण माझ्याबरोबर येतील. आत्ताच सांगतो, मागाहून शिव्या देऊ नका."

"शिव्या तर मी आत्ताच देतो," दाजी म्हणाले. पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

मुंबईच्या दुकानदाराने सांगितलेली किंमत ऐकून तो विषयच संपला असता. पण दाजींच्या मुलीचं नाव पूर्वी. ती दापोलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजसमोरच्या सायबर कॅफेत तिचं जाणंयेणं होतं. तिथे तिला परदेशातल्या एका कंपनीचं दुकान सापडलं. चित्रात निळा समुद्र, होडी आणि तिच्यावर हसणारा गोरा माणूस. किंमत मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी.

"बाबा, हेच यंत्र आहे. थेट घरी येतं."

"फसवणार नाय ना?"

"नाही आवडलं तर पैसे परत, असं लिहिलंय."

नव्या जाळ्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे दाजींनी दिले. मुलीचा मावसभाऊ अजिंक्य मुंबईत नोकरीला होता. त्याच्या कार्डावरून तिने यंत्र मागवलं.

पार्सल आलं ते पुनवेच्या दोन दिवस आधी. दाजींची बायको गुणवंती तोवर पाट मांडून बसली होती. त्यांच्याकडे नवं जाळं असो, इंजिन असो की साधी दोरी, हळदकुंकू लागल्याशिवाय कुठलीच वस्तू पाण्यात जात नाही. दाजी म्हणाले, "तू मागवलंस, तूच पूज." पूर्वीने पांढऱ्या यंत्रावर हळदीची बोटं ओढली, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या. नारळ फोडला तेव्हा त्याचं पाणीही थोडं वर शिंपडलं. शिवा हात जोडून उभा होता. पूर्वीला वाटलं, आपण घराला सावरलं.

पुनवेला समुद्राला नारळ वाहिला, होड्या पाण्यात गेल्या, आणि दुपार व्हायच्या आत दाजींची होडी परत आली. पूर्वी धावत जेट्टीवर गेली. कुणी तिच्याकडे बघेना.

"काय झालं, शिवाकाका?"

शिवा तिला होडीवर घेऊन गेला. त्याने यंत्राची तार पिण्याच्या पाण्याच्या पिंपात सोडली. पडद्यावर एक मोठा मासा उमटला, मागोमाग दोन लहान.

"बघ गो, पिंपात सुरमई. पिल्लांसकट! आणि भर समुद्रात गेलो की हे आंधळं. तार एवढीशी. हे तळ्यात गळ टाकून बसणाऱ्या हौशी लोकांचं खेळणं हाय."

बाकीचे दोघं हसले. दाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "पूर्वी, पैसे परत देतो लिहिलंय ना? मग माग. पैसे आले की मुंबईतनं खरं यंत्र आणू, उरलेले उधार." मग शिवाकडे वळून म्हणाले, "गणपती होईस्तोवर थांब."

शिवाने मान हलवली. "गणपतीपर्यंत. पुढं नाय."

पूर्वी रोज कॉलेज सुटल्यावर कॅफेत बसू लागली. तिने शब्दकोश उघडा ठेवून इंग्रजीत पत्र लिहिलं. उत्तर आलं, तुमची निराशा झाली याचं आम्हाला वाईट वाटतं. खाली कुणा जेनिफरची सही. तिने पुन्हा सगळं सविस्तर लिहिलं. या वेळी मायकेलने विचारलं, यंत्रात बॅटरी घातली आहे का? तिसऱ्याने माहितीपुस्तिका पाठवली, जी खोक्यातच होती. प्रत्येक वेळी नवा माणूस आणि प्रत्येक वेळी गोष्ट पहिल्यापासून. पिंपातल्या सुरमईबद्दलही तिने लिहिलं. त्यावर कुणी काही बोललं नाही.

शेवटी एक दिवस उत्तर आलं: वस्तू मूळ स्थितीत परत पाठवा, महिनाअखेरपर्यंत पोचली पाहिजे, पैसे परत मिळतील. पूर्वी एसटीत बसून घरी येईपर्यंत ते उत्तर मनात घोळवत होती. घरात शिरताच तिने माळ्यावर ठेवलेलं यंत्र खाली काढलं, आणि मग तिच्या लक्षात आलं, मूळ स्थिती म्हणजे काय.

कुंकू ओल्या फडक्याने बरंचसं गेलं. हळद जाईना. तिने साबण लावून घासलं, तर पिवळी बोटं लालभडक झाली.

"अगो, हळदीला साबण लावतात काय?" गुणवंतीने तिच्या हातातून फडकं ओढून घेतलं. "उन्हात ठेव. हळद उन्हाने उडते."

पण श्रावण चालू होता. यंत्र तीन दिवस पडवीत पडून राहिलं. आभाळ उघडलं नाही. लाल रंग पाण्याने उतरला आणि खालून पुन्हा पिवळा वर आला. मुदत जवळ येत होती. पूर्वीने टाचणीने फटी कोरल्या, खोबरेल लावून पुसलं, तेच खोकं चिकटपट्टीने बंद केलं आणि दापोलीच्या पोस्टात दिलं. पार्सलचा खर्च ऐकून दाजींनी एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि खिशात हात घातला.

गणपती आले. शिवा आरतीला आला, प्रसाद घेऊन गेला. विसर्जनही झालं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पूर्वीने कॅफेत उत्तर उघडलं. सोबत तीन फोटो होते. एकात पिवळा डाग, एकात पडद्याच्या कडेला साचलेला लाल थर. तिसऱ्यात बॅटरीच्या खणात तांदळाचे दाणे. खाली लिहिलं होतं: वस्तू वापरलेली व अज्ञात पदार्थाने दूषित आहे, पैसे परत मिळणार नाहीत. परत हवी असल्यास पाठवणीचा खर्च भरा, अन्यथा ती नष्ट करण्यात येईल.

तिने तिथेच बसून लिहिलं, ही घाण नाही, आमच्याकडे नव्या वस्तूची पूजा करतात. त्यावर दोन दिवसांनी आलेल्या उत्तरात होतं, आपलं प्रकरण बंद करण्यात आलं आहे.

घरी तिने सगळं सांगितलं. दाजी जाळं शिवत होते. सुई थांबली नाही.

"आणखी एक पत्र लिहू का, बाबा? तिथे ग्राहकांचं काही मंडळ असेल. अजिंक्यदादाला विचारते, बँकेत..."

"लिहून कुणाला दाखवणार? तिथं माणूसच नाय."

"माझ्यामुळे झालं."

"तू पूज म्हणून मीच सांगितलं," दाजी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "नष्ट म्हणजे? कचऱ्यात टाकतील?"

"हो."

"पूजलेली वस्तू," गुणवंती आतून म्हणाली.

शिवा संध्याकाळी लिलाव उरकल्यावर आला. बाकीचे दोघं अंगणाबाहेर थांबले. त्याला सांगायची गरज पडली नाही, दाजींनीच विचारलं, "हरबाकडे कधीपासून?"

"उद्या पहाटे." शिवा उंबऱ्यापाशी घुटमळला. "दाजी, एकटे कसे जाणार तुम्ही? हरबाला अजून एक माणूस पायजे. मी शब्द टाकला हाय."

"खलाशी म्हणून?"

"मग काय, मालक म्हणून?" शिवा हसायला गेला आणि मध्येच थांबला.

पूर्वीला वाटलं, बाबा आता त्याला हाकलून देतील. दाजींनी दोऱ्याला गाठ मारली, दाताने तो तोडला आणि जाळं बाजूला सारलं.

"किती वाजता निघते लाँच?" त्यांनी विचारलं.