रंगवार लावलेला सिनेमा

चित्रपट-संग्रहालयात तिला सगळे चिकटपट्टी म्हणत. त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं, कारण दिवसभर ती तेच करायची. मूकपटांच्या वाळून आखडलेल्या फिती धुवायच्या, कडेची फाटलेली भोकं सांधायची आणि तुकड्याला तुकडा जोडायचा. तिच्या बापाला त्याच इमारतीत भिंग म्हणत, आणि तेही तोंडावर. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी त्याच्या वरच्या खिशात भिंग असायचंच. बोलताना तो समोरच्याकडे असा बघायचा, की आपण फितीवरचा ओरखडा आहोत असं त्याला वाटावं.

भिंगाची सारी कीर्ती एका सिनेमावर उभी होती. बोलपट आले आणि मूकपटांच्या कंपन्या पटापट बंद पडल्या. त्यांतल्याच एकीच्या गोदामात त्याला तरुणपणी काही डबे सापडले. त्या सिनेमाची जगात दुसरी प्रत नव्हती. डबे रचून ठेवले होते त्याच क्रमाने त्याने तो पडद्यावर लावला आणि जाणकार मंडळी गार पडली. आधी सगळ्या रात्री, निळ्या रंगातल्या. मग सगळी घरं, दिव्याच्या उजेडासारखी पिवळी. मग आग, लाल. आणि शेवटी चित्रच नाही, नुसत्या अक्षरांच्या पाट्या. ‘जेवण गार झालं.’ ‘डॉक्टर, खरं काय ते सांगा.’ ‘चोर!’ लोक श्वास रोखून वाचत. ही पडद्यावरची पहिली कविता, असं भिंगाने लिहिलं, आणि एवढ्यावर न थांबता दोन जाड पुस्तकं लिहिली. फितीच्या कडेला शाईने बारीक आकडे होते, ते उलटसुलट पडले होते, तर त्यांवर त्याने एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं.

आता या सिनेमाच्या नव्या प्रती निघायच्या होत्या. शनिवारी सभागृहात खेळ, त्याआधी भिंगाचं भाषण, आणि मग त्याच क्रमाने काढलेल्या प्रती देशोदेशीच्या संग्रहालयांना जाणार होत्या. फिती धुण्याचं काम अर्थातच चिकटपट्टीकडे आलं.

धुता धुता तिला निळ्या फितीवर एक माणूस दिसला. रात्रीच्या पावसात तो एका खिडकीशी वाकला होता, आणि तुकड्यावर आकडा होता चाळीस. पिवळ्या फितीवर तोच माणूस खिडकीतून आत उतरत होता आणि त्याच्या टोपीतून पाणी गळत होतं. आकडा एक्केचाळीस. भिंगाच्या पुस्तकात लिहिलं होतं, की टोपीतलं हे पाणी म्हणजे स्मृती.

चिकटपट्टी स्टुलावर बसली. कपडे धुताना आपण पांढरे वेगळे आणि रंगीत वेगळे काढतो, तसं त्या काळी सिनेमा रंगवताना करत. रात्रीचे सगळे तुकडे एकत्र जोडून निळ्या पिंपात, घरातले पिवळ्यात. रंग वाळला की कडेचे आकडे बघून पुन्हा गोष्टीच्या क्रमाने लावायचे. इथे तुकडे लावायच्या आधीच कंपनीला टाळं लागलं होतं. म्हणजे जाणकारांनी डोक्यावर घेतला तो सिनेमा नव्हताच, ते रंगाऱ्याचं अर्धवट राहिलेलं काम होतं.

ही रीत भिंगाला ठाऊक नव्हती असं नाही. लेकीला ती त्यानेच शिकवली होती. पण आपल्या पोराच्या नाकातला शेंबूड कुणाला दिसतो?

तिने कामापुरती एक प्रत काढली आणि आकड्यांप्रमाणे लावली. साधी गोष्ट निघाली. घरी पोर आजारी, डॉक्टर येऊन गेलेला, नवरा विसरभोळा. तो किल्ली हरवतो, दार वाजवून पोर उठेल म्हणून खिडकीतून येतो, बायको चोर समजून दिवा फेकते, पडदे पेटतात. पोर वाचतं, नवरा बोलणी खातो. संपलं.

सिनेमा नीट लोकांपुढे जावा, अशी चिकटपट्टीची तळमळ खरीच होती. पण बापाला एकदा तरी चूक ठरवायची हौसही काही कमी नव्हती. दुपारी जेवायला घरी गेल्यावर पहिल्याच घासाला तिने सांगितलं, “बाबा, त्याची किल्ली हरवली होती.”

“कुणाची?”

“तुमच्या नायकाची. म्हणून तो खिडकीतून येतो. आणि ती आग कारणाशिवाय लागत नाही.”

तिने सगळं सांगितलं. भिंगाचा हात ताटातच राहिला. “कारणाशिवाय लागते, हेच तर त्यातलं थोर आहे! कालची पोर, मला शिकवतेस?”

वाढायला उभी असलेली आत्या म्हणाली, “दादा, आधी जेव. मी तर दर वेळी पिवळं सुरू झालं की झोपायचे, मला दोन्ही सारखंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग न बोलावता तिच्या खोलीत आला आणि टेबलावरच्या छोट्या पडद्यासमोर बसला. पहिला भाग होईस्तोवर त्याने जोड दिसतो, उजेड कमी आहे, खुर्ची टोचते अशा तक्रारी केल्या. बाईने दिवा उचलला तेव्हा तो पुढे झुकला.

“थांब. मागे घे.”

तिने मागे घेतलं. त्याने तो तुकडा पुन्हा पाहिला, आणि मग पुन्हा.

“चेहरा ओळखलाय तिने,” तो हळूच म्हणाला. “पण तोवर हातातून दिवा सुटून गेलाय. बघ, ओळखलाय.”

हे चिकटपट्टीच्याही ध्यानात आलं नव्हतं. सिनेमा संपल्यावर तो तिच्याकडे वळला.

“कुणाकुणाला सांगितलंस?”

“आत्या सोडून कुणाला नाही.”

“तिचं काही नाही,” म्हणत तो उठून गेला.

दुपारी आत्या डबा घेऊन आली. एरवी ती कधी यायची नाही, तेव्हा ती वकिली करायला आली आहे हे उघड होतं.

“दादा म्हणतो, तुझ्या क्रमानेच दाखवू.”

“खरंच?”

“मात्र तो म्हणतो, शंका त्याला आधीपासून होती.”

“कधीपासून?”

“आज सकाळपासून. पण तेवढ्या खोलात कशाला शिरायचं?” आत्याने डब्याचं झाकण काढलं. “शोध त्याच्या नावावर. तू जोडकाम केलंस, हे तो आवर्जून सांगेल.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर तो संचालकांकडे जाईल आणि म्हणेल, पोरीने खेळखंडोबा केलाय. संचालक कुणाचं ऐकतात, हे मी सांगायला हवं का?”

नको होतं. संचालक भिंगाचेच शिष्य, त्याच्यासमोर अजून उभे राहून बोलत. चिकटपट्टीने जेवता जेवता हिशेब मांडला. भांडली तर रंगवार सिनेमाच सगळीकडे जाईल आणि तिचं नाव घरातल्या भांडणापुरतं उरेल. गप्प राहिली तर सिनेमा नीट जाईल, फक्त ती कुठेच नसेल.

“कबूल,” ती शेवटी म्हणाली. “पण प्रती याच क्रमाने काढायच्या, हे त्यांनी संचालकांना भाषणाआधी सांगायचं. भाषणानंतर नाही.”

“बापाचीच लेक गं तू,” म्हणत आत्याने रिकामा डबा आवरला.

शनिवारी ती वर मशीनच्या खोलीत होती. खाली भिंग बोलत होता. “कित्येक वर्षं माझ्या मनात एक हरवलेली किल्ली सलत होती...” टाळ्या पडल्या. शेवटी तो म्हणाला, “चिकटवण्याचं किचकट काम माझ्या मुलीने केलं. तिचा हात हलका आहे.”

मशीनवाल्याने मान वळवली. “ताई, हात हलका आहे म्हणे तुमचा.”

“मशीन चालू करा.”

लोक टोपीतलं पाणी बघून हसले, दिवा सुटला तेव्हा खुर्च्या करकरल्या. खेळ संपल्यावर बाहेर वऱ्हांड्यात दोन बायकांची जुंपली होती. “किल्ली दाराखाली ठेवायची अक्कल नको?” “आणि हिला नवरा ओळखू येऊ नये?” या सिनेमाबद्दल कुणाला असं भांडताना चिकटपट्टीने आजवर पाहिलं नव्हतं. भिंगाचा सिनेमा बघून लोक नेहमी मान डोलावत घरी जात.

गर्दीतून वाट काढत भिंग तिच्यापाशी आला. चेहरा खुलला होता.

“नवं पुस्तक घेतोय लिहायला. त्या बाईच्या हातातून दिवा सुटतो, त्यावर. तुकड्यांची माहिती तुझ्याकडून लागेल.”

“मिळेल. पुस्तकावर दोन नावं पडली तर.”

भिंगाने तिच्याकडे त्याच्या त्या नजरेने बघितलं. तिने नजर हलवली नाही. मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं, पण तो वळला नाही.

“माझं वर,” तो म्हणाला.

“आधी लिहून तर काढा,” ती म्हणाली, आणि फिती डब्यात भरायला जिना चढून गेली.