खालच्या बाणांची रेघ

मित्रांनो, मी भिंतीवरून उतरवलेला एक फळा. जुना, काळा, कोपरे झिजलेला. नागपुरातल्या एका कॉलेजच्या गणित विभागात माझं आयुष्य गेलं.

वाडीच्या सुतारखान्यात मला रंधा लागला, काळा रंग चढला, वरून पॉलिश पेपर फिरला. अंग खरखरीत, म्हणून खडूचा माझ्यावर जीव. अक्षर यावं, अक्षर जावं, मी आपलं काळंच राहावं. असं सुखाचं चाललं होतं.

मग तपासणीची समिती यायची ठरली. विभागप्रमुख जागेश्वर सर म्हणाले, "फळा कसा चमकला पाहिजे!" दरवाजांचा उरलेला ऑइलपेंट मला फासला. मी आरशासारखा झालो. समितीने कौतुक केलं. लिहून मात्र कोणी पाहिलं नाही.

ते भोगलं ऋतुजाने. उमरेडच्या विणकर घरातली ही पोर इथे संशोधन करत होती. समिती गेल्यावर एके दिवशी तिला अख्ख्या विभागासमोर माझ्यावर काम मांडायचं होतं; ते पटलं नाही, तर तिची पीएच.डी.ची नोंदणी रद्द होणार होती.

काम ऐका तिचं. ओळीने वस्तू मांडायच्या, एकीकडून दुसरीकडे बाण काढायचे. आधीच्या बाणाने जे आणलं, नेमकं तेवढंच पुढच्याने मिटवायचं. कमी नाही, जास्त नाही. ही अचूक साखळी. आता त्याच वस्तूंवर बाणांच्या दोन ओळी काढा, एक वर, एक खाली. दोन्ही अचूक हव्यात. पण दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या निघाल्या, तर त्या जोडसाखळीची किंमत शून्य. ऋतुजाची जोडी वेगळी होती. दोन्ही ओळींतल्या बाणांवर ती 'डी' हेच अक्षर लिही, म्हणून खालच्या प्रत्येक डीवर वेगळेपणाची एक बारीक रेघ देई. त्या रेघेला सगळे डॅश म्हणत.

अक्षरं माझ्यावर कशीबशी टिकली. रेघा घसरल्या. तिने जोर लावला, खडू कर्रकन मोडला, पण पांढरं काही उमटेना.

"काहून वं ऋतुजा," सर खुर्चीतूनच म्हणाले, "वर डी, अन् खालीबी डीच? मंग तर हे शून्यच झालं ना!"

"उमरेडच्या लुगड्याले दोन्हीकडून एकच काठ राहते, सर," विभागातल्याच चारुशीला मॅडम हसल्या. "तिले तेच जमते."

"डॅश दिला आहे, सर. खडू धरून नाही राहिला. बोट फिरवून पाहा, चरा पडला आहे."

"आता फळा चाटू का तुह्या गणितासाठी? दिसत नाही ते मी मानत नाही."

सगळे खो खो हसले. कोणी उठलं नाही. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. सरांनी स्वतः डस्टर घेतलं आणि एका हाताने सगळी साखळी पुसली. नोंदणी रद्द झाली. ऋतुजा उरलेला खडू तसाच मुठीत धरून निघून गेली. विभागात ती पुन्हा दिसली नाही.

पुढे माझ्या जागी पांढरा बोर्ड आला. मी सायकल स्टँडमागे पडलो आहे. ऑइलपेंटचे पापुद्रे कडेकडेने सुटताहेत. खडू केव्हाच गेला, पण तिरप्या उजेडात ते चरे अजून दिसतात; खालच्या प्रत्येक बाणाच्या जागी एक.

मित्रांनो, फळ्याला चमकवू नका, त्याचं खरखरीत अंग जपा. आणि कोणाच्या कामाला शून्य म्हणण्याआधी खुर्चीतून उठा. भिंतीपर्यंत या. बोट फिरवून पाहा. त्या दिवशी एवढंच कोणी केलं नाही.