आबासाहेबांनी सोललेली पट्टी

परभणीच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटर होते दोन, आणि तेवढ्या भांडवलावर रंगनाथ सरांनी ब्याण्णव साली कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर परिषद भरवायचा घाट घातला. सर तात्पुरते होते. दरवर्षी नवी नेमणूक, दरवर्षी तीच धाकधूक. परिषद नीट पार पडली तर संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब आपल्याला कायम करतील, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

सरांचा नियम एकच. पाहुणा कितीही मोठा असो, त्याची फ्लॉपी दारातल्या कॉम्प्युटरवर तपासल्याशिवाय सभागृहातल्या कॉम्प्युटरला लावायची नाही. तपासणीची एक वेगळी फ्लॉपी होती. तिच्या कडेच्या खाचेवर काळी पट्टी चिकटवलेली. पट्टी आहे तोवर त्या फ्लॉपीवर कुणाला काही लिहिता येत नाही, म्हणजे व्हायरसलाही शिरता येत नाही.

घोळ झाला तो मानपानात. दिवा लावायचा मान पुण्याहून आलेल्या प्राध्यापक सुमनबाईंना गेला आणि फीत आणायची राहूनच गेली. आता अध्यक्षांच्या हातून उद्घाटन करायचं कशाचं, म्हणून प्राचार्य दिनकरराव घामाघूम झाले. तेवढ्यात त्यांची नजर काळ्या पट्टीवर पडली. त्यांनी तिला कुंकवाचं बोट लावलं, फ्लॉपी तबकात ठेवली आणि तबक आबासाहेबांपुढं धरलं. आबासाहेबांनी नखानं पट्टी सोलली. टाळ्या पडल्या. पट्टी त्यांनी प्रसादासारखी खिशात ठेवली.

रंगनाथ सर पुढं सरसावले. नवी पट्टी लावायला असा कितीसा वेळ लागतो? पण आबासाहेबांचा हात त्यांच्या खांद्यावर आला होता.

"लय चांगलं काम करायलाव, सर. तुमच्या कायमचं बघूत पुढच्या साली."

त्या हाताखालून सरांना हलवेना. इतक्या वर्षांत तो हात पहिल्यांदाच खांद्यावर पडला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. दोन-चार फ्लॉप्यांनी काय होतंय, असं म्हणून त्यांनी रांगेतली पहिली फ्लॉपी हातात घेतली.

ती पाथरीच्या शाळेतल्या लिंबाजी मास्तरांची होती, आणि तिच्यातच व्हायरस निघाला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मास्तर ओशाळून बाजूला झाले. त्याच वेळी लाइट जाऊन आली आणि मास्तरांची फ्लॉपी आतच असल्यानं कॉम्प्युटर तिच्यावरूनच सुरू झाला, म्हणजे व्हायरस आता कॉम्प्युटरातच शिरला. सरांनी घाईघाईनं ती काढून तपासणीची फ्लॉपी आत सारली. पट्टी नव्हतीच. व्हायरस तिच्यावर चढला, आणि मग जी फ्लॉपी तपासायला आली तिला तो लागत गेला. तपासणीच बिघडल्यामुळं ती मात्र प्रत्येकाला बिनघोर म्हणत होती, काही नाही.

दुपारी सुमनबाईंचं भाषण चालू असताना पडद्यावरची अक्षरं एकेक करून खाली गळायला लागली. त्यांच्यानंतरच्या वक्त्याचीही गळली. सभागृहात कुजबूज सुरू झाली. सरांना काय झालं ते लगेच कळलं.

पहिल्या रांगेतून आबासाहेब म्हणाले, "सकाळी पाथरीच्या मास्तरची सापडली होती न्हाई का? त्यांनीच आणला हा रोग."

सगळ्या माना मागं वळल्या. लिंबाजी मास्तर शेवटच्या खुर्चीवर मान खाली घालून बसले होते. दिनकररावांनी सरांना डोळ्यानंच खुणावलं, की राहू द्या, मिटलं. आणि खरंच मिटत होतं. सरांनी नुसतं बसून राहायचं होतं.

सर उठले.

"मास्तरांची आमी पकडली होती, साहेब. पसरला तो माझ्यामुळं. सकाळी पट्टी निघाली तवाच मी थांबवायला पायजे होतं. बोललो न्हाई."

"पट्टी तर आमी काढली."

"हो, साहेब."

आबासाहेब रागावले नाहीत. त्यांनी खिशातून कुंकू लागलेली पट्टी काढली, उलटीसुलटी पाहिली आणि सरांच्या तळहातावर ठेवली.

"सकाळी सांगायचं होतं," एवढंच ते म्हणाले.

चहाच्या वेळी लिंबाजी मास्तर आपला कप घेऊन सरांशेजारी येऊन उभे राहिले. निघताना आबासाहेबांनी सगळ्यांना नमस्कार केला, सरांनाही केला. पुढच्या साली कायम करायचा विषय मात्र काढला नाही.