तेहेतीस कोटींचं तिकीट

गणिताच्या तोंडी परीक्षेत टेबलावरच्या पालथ्या चिठ्ठ्यांतून बुरुलचानं आपल्या प्रश्नाचं तिकीट उचललं आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मला हेवाच वाटला. बिश्केकच्या आमच्या वसतिगृहात ते तिकीट सगळ्यांना पाठ होतं: ‘३३३३३३३३१ ही मूळ संख्या आहे, सिद्ध करा.’ त्याचं उत्तर वरच्या वर्गाच्या मुली खालच्यांना देत आल्या होत्या. ३१ ला कशानंच भाग जात नाही, ३३१ ला नाही, ३३३१ ला नाही, असं चढत जायचं आणि शेवटी ‘म्हणून हीसुद्धा मूळच’ म्हणायचं. पाचापैकी पाच.

बुरुलचाला पाच हवेच होते. आधीच्या पेपरात ती घसरली होती. इथे कमी पडले तर शिष्यवृत्ती बंद, खोली बंद, आणि नारीनला परत जाऊन काकाच्या मेंढ्या. पाच गुणांचा शकुन म्हणून सकाळी तिनं बुटात टाचेखाली पाच सोमचं नाणंसुद्धा ठेवलं होतं.

तिनं घडाघडा म्हणून दाखवलं. ओर्मोनबेक आगाय, म्हणजे आमचे सर, खिडकीबाहेर बघत मान डोलवत होते. मग त्यांनी तिच्या गुणपुस्तिकेत पाच लिहिले. सुटलो बाई एकदाचे, मी मनात म्हटलं.

ही बया मात्र हलेना.

“आगाय, एक सांगू? हिला सतरानं भाग जातो.”

“कुणाला?”

“या संख्येला. तयारीच्या वेळात बसल्या बसल्या करून पाहिलं.”

“ए, गप बस ना!” मी मागून दबक्या आवाजात म्हटलं.

आगाय हसले. “पोरी, हे तिकीट माझ्या आधीच्या म्हाताऱ्या परीक्षकांकडून माझ्याकडे आलंय. उगाच डोकं चालवू नकोस.” तरी ते खडू घेऊन उठले. भागाकार फळ्यावर उतरत गेला, तसं त्यांचं हसू कमी होत गेलं. १९६०७८४३. बाकी शून्य.

त्यांनी पुसून पुन्हा केलं. पुन्हा शून्य. इतक्या वर्षांत इतक्या जणींनी जे सिद्ध केलं, ते खरं नव्हतंच! आणि ऐकणाऱ्यालाही पत्ता नाही!

आगाय खुर्चीत बसले. “खोट्या सिद्धतेचे पाच मी देऊ शकत नाही,” ते म्हणाले आणि पुस्तिका पुढे ओढली.

माझं डोकंच फिरलं. “आणि आधी दिलेत ते? चूक तिनंच दाखवली ना!”

“मलासुद्धा याच तिकिटावर पाच मिळाले होते,” आगाय हळूच म्हणाले. “ते खोडायला आता कुणी उरलं नाही.” पेन उचलता उचलता ते थांबले. मग त्यांनी ते बुरुलचापुढे धरलं. “तुझे गुण तूच ठरव.”

ठेव ते पेन खाली, मूर्ख मुली, असं ओरडावंसं वाटलं.

बुरुलचानं पेन घेतलं, पुस्तिका सरळ केली आणि पाचावर रेघ मारली.

“दुसरं तिकीट घेऊ, आगाय?” तिनं विचारलं.