कमी सोडियमचं मीठ

मूत्रपिंडांचा आजार निघाल्यापासून फिटरसाहेबांच्या घरात मिठाला बंदी होती, आणि बंदोबस्ताला साक्षात त्यांची बायको. जन्मभर शाळेत मुलांचे पेपर तपासले, आता ती पाकिटं तपासायची. दुकानात चष्मा पुसून बिस्किटांच्या पुड्यामागची बारीक अक्षरं वाचत उभी राहिली, की मागची गिऱ्हाइकं मुकाट दुसरी रांग धरत.

"बाई, बिस्किट पास झालं का?" नवरा चिडवायचा. बहुतेक वेळा ते नापासच व्हायचं.

पण अळणी जेवणाने माणूस खंगत चालला होता. दोन घास चिवडून ताट सरकवायचा. तिचा जीव तुटायचा. म्हणून एके दिवशी 'कमी सोडियम' असं लिहिलेलं मीठ दिसलं, तेव्हा तिला हायसं वाटलं. सवयीने तिने पाकीट उलटून पाहिलं. सोडियम कमी करून पोटॅशियम घातलं होतं. पोटॅशियम रक्तदाबाला चांगलं, हे तिने वाचलेलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त ते धडधाकट मूत्रपिंडांच्या माणसांसाठी होतं. तेवढंच नेमकं तिच्या वाचनात कधी आलं नव्हतं.

फिटरसाहेब पोटभर जेवू लागले, भाजी मागून घेऊ लागले. ती सुखावली आणि मीठ घालताना तिचा हात सैल सुटला.

मग एका सकाळी त्यांच्या पायांतलं बळच गेलं. दवाखान्यात रक्त तपासलं, तर पोटॅशियम भलतंच वाढलेलं.

"जेवणात काही नवीन?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

ती तोंड उघडणार, तोच नवरा खाटेवरून म्हणाला, "छे हो. आमची ही अक्षर न् अक्षर वाचून आणते. तिच्या हातून चूक व्हायची नाही."

तिने मिठाचं सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "पुष्कळांचं होतं असं," एवढंच म्हणाल्या, आणि तेच तिला जास्त लागलं. नवऱ्याने सगळं ऐकलं.

दुपारी जेवण आलं. भात, उकडलेली भाजी, फळाच्या दोन फोडी. फिटरसाहेबांनी चमचा उचलला, थांबले आणि ताट तिच्याकडे वळवलं.

"बघ गं, यातलं मला काय चालेल?"

दवाखान्याचंच जेवण ते, चालणारच होतं. पण तिच्या तोंडून हो निघेना. ताट निवत गेलं, आणि ते चमचा हातात धरून तिच्या होकाराची वाट बघत राहिले.