धोंड्याच्या महिन्यातला दोर

“तात्या, ह्या हिरीत कुणी मेलंय का वो?”

जयवंता, म्हणजे जयू, विचारत होती आणि मागे बाभळीआड रिबिनी चावत बसलेल्या स्वराली आणि कौसल्या फिस्सकन हसल्या. पैज त्यांचीच. तालुक्याच्या वक्तृत्वात नंबर आल्यापासून जयूच्या तोंडाला झाकण म्हणून नव्हतं. “येवढी धीट हाईस तर बापाला इचारून दाखीव,” असं स्वरालीने मधल्या सुट्टीत म्हणायचा अवकाश, जयू ओढ्याकडे निघालीसुद्धा!

तिचा बाप मानसिंग घाणपाण्याच्या विहिरीत कंदील सोडत होता. भर दुपारी, पेटवलेला कंदील. मान न उचलता तो म्हणाला,

“एक मेलाय. शेजारच्या शकुबाईचा मालक, माज्या आदी हितं उतरायचा त्यो. मागल्या धोंड्याच्या म्हयन्यात. वर दोर धराय कुणी नव्हतं.”

बाभळीआडचं हसू जागीच थांबलं. जयूने काठावरून आत डोकावलं.

“मग आज कोन धरनार?”

“आज बी धोंड्याचाच म्हयना हाय की.”

ओढ्याच्या अलीकडे बारामती तालुका, पलीकडे इंदापूर. दोन्ही गावांच्या गटारी याच एका विहिरीत उतरत आणि मोटार ते पाणी माळावरच्या तळ्यांत फेकी. योजना एक, ग्रामपंचायती दोन. माणूस खाली उतरला की वर दोर कुणी धरायचा, यावरून आधी भांडणं झाली. मग ठरलं, एक महिना यांचा माणूस, एक महिना त्यांचा. महिना कुठला, ते मात्र कुणी लिहिलं नाही. अलीकडचे तारखेनं मोजत, पलीकडचे अमावस्येनं. एरवी दहा-पंधरा दिवसांचा घोळ पलीकडचा भीमा हसून निभावून न्यायचा. पण आज एक जुलै. अलीकडचा माणूस आपली पाळी संपली म्हणून उसाला पाणी द्यायला गेला होता. आणि पलीकडचे म्हणत होते, धोंड्याचा महिना अधिकचा, तो कुठल्याच कामाला धरत नाहीत, मग पाळीला कसा धरायचा? भीमाला त्यांनी घरीच बसवला होता.

“नगा उतरू, तात्या.”

“मोटारीची जाळी तुंबून बालवाडीच्या अंगणात पानी चढलंय. बारकी पोरं बाकावर पाय घिऊन बसल्यात. कवर थांबू?” त्याने कंदील निरखला. “जळतोय न्हवं? मग हवा बरी हाय. तू शाळंत जा.”

दोर कप्पीवरून घेऊन त्याने एक टोक मोटारीच्या खांबाला बांधलं, दुसरं कमरेला. जयू हलली नाही.

“वरच्या मानसानं काय करायचं असतंय?”

मानसिंगने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “बोलत ऱ्हायाचं. खालनं व्हय आलं न्हाय, की वडायचं.”

भिंतीतल्या लोखंडी कड्यांवर पाय देत तो उतरला.

“तात्या, पाय टेकलं?”

“व्हय.”

“जाळी घावली?”

“व्हय. चिंध्याच चिंध्या भरल्यात.”

“आय सांच्याला काय करनार जेवाय?”

“आगं, हितं जेवनाचं नाव नगं काढू!”

जयूला हसू फुटलं. तेवढ्यात खालून गदागदा गाळ उकळल्यासारखा आवाज आला. सडक्या अंड्यांचा भपकारा वर आला. आणि कंदील विझला.

“तात्या?”

काहीच नाही.

“तात्या, व्हय म्हना!”

तिने दोर ओढला. दोर तसूभर हलेना. मग शाळेचं पटांगण दणाणून सोडणाऱ्या आवाजात तिने किंकाळी फोडली. स्वराली आणि कौसल्या दप्तरं टाकून धावल्या. तिघींनी दोराला लोंबकळत टाचा मातीत रोवल्या. कप्पी कुरकुरली. तळहातांची सालटी निघाली, पण एकीनेही सोडलं नाही. मानसिंगचं डोकं वर आलं तेव्हा मान खांद्यावर कलली होती. त्यांनी त्याला काखेत धरून काठावर घेतलं. तो उलटी करून श्वास घेईपर्यंत जयूने स्वतः श्वास घेतलाच नसावा.

बातमी कळताच सरपंच बापूसाहेब मोटारसायकलवर आले.

“देवानं राखलं, मानसिंगराव. बैठकीत इषय घेतो मी.”

“कवा हाय बैठक?” जयूने विचारलं.

“दोन्ही गावांची लागती, पोरी. पलीकडचं म्हनत्यात, धोंडा सरल्यावर.”

“आन तवर?”

बापूसाहेबांनी किक मारली. “तवर जरा जपून.”

संध्याकाळी जयूची आई बनाबाई तिच्या हातांना खोबरेल लावत होती. मानसिंग भिंतीला टेकून बसला होता. भाकरी तशीच पडली होती.

“जाळी अर्धीच निघाली,” तो हळूच म्हणाला. “उद्या पुन्यांदा उतराय लागंल.”

बनाबाईचा हात थांबला. जयूने आपले हात सोडवून घेतले.

“आय, तात्या, ऐका. धोंडा सराय चौदा दिस हाईत. चौदा दिस मी शाळंत जानार न्हाय. दोर मी धरनार. आन तुमी मधल्या सुट्टीच्या आत उतरायचं न्हाय. तवाच स्वराली आन कौसल्या येत्यात. एकटीला तुमी उचलत न्हाय.”